कन्येला स्पेलिंगच्या स्पर्धेस बसवण्यापूर्वी

आपण बेळगावात वडगाव, खासबाग किंवा शहापूरच्या एखाद्या गल्लीत राहत असाल, पुढच्या सोप्यात दोन यंत्रमाग आणि उरलेल्या जागेत माणसे असा आपला संसार असेल, आणि पाचवीतल्या आपल्या कन्येने पाहुण्यांसमोर ‘एलिफंट’चे स्पेलिंग एकदाही न अडखळता म्हणून दाखवले असेल, तर आता वेळ दवडू नये. तिला ताबडतोब स्पेलिंगच्या स्पर्धेस बसवावे. पोहायला तलाव लागतो, क्रिकेटला मैदान लागते आणि गाण्याला समजूतदार शेजारी लागतात. स्पेलिंगला फक्त एक मूल लागते आणि ते आपल्या घरात आधीच आहे.

सुरुवात प्रेरणेपासून करावी. अमेरिकेतील राष्ट्रीय स्पेलिंग स्पर्धा १९२५ मध्ये सुरू झाली तेव्हा अंतिम फेरीत अवघी नऊ मुले होती आणि विजेत्याने ‘ग्लॅडिओलस’ या फुलाच्या नावावर ती जिंकली. १९८५ मध्ये बालू नटराजन या मुलाने ‘मिल्यू’ हा शब्द बिनचूक सांगितला, आणि त्यानंतर भारतीय वंशाच्या मुलांनी ही स्पर्धा हळूहळू घरचे कार्य असल्यासारखी आपल्या हाती घेतली. २०१९ मध्ये तर आयोजकांजवळचे कठीण शब्द संपत आले आणि आठ मुलांना एकदमच विजेते ठरवावे लागले. ही सर्व माहिती कन्येला रोज सकाळी चहाबरोबर द्यावी. ती मुले अमेरिकेत वाढली, घरात, शाळेत आणि दुकानात त्यांच्या कानावर इंग्रजीच पडत होते, हा तपशील मात्र सांगू नये, कारण प्रेरणेत तपशील मिसळला की ती पातळ होते. त्याऐवजी २०२१ चा दाखला द्यावा. त्या वर्षीच्या विजेतीचा शेवटचा शब्द ‘मुराया’ हा होता. ते वनस्पतींच्या एका प्रजातीचे शास्त्रीय नाव असून आपला कढीपत्ता त्याच नावाखाली ओळखला जात आला आहे. ज्या शब्दाने एका मुलीला पन्नास हजार डॉलर मिळवून दिले, त्याची पाने आपण रोज आमटीतून वेचून ताटाच्या कडेला ठेवतो, हे ऐकून कन्या अंतर्मुख होईल. न झाल्यास तिला कढीपत्ता आणायला पाठवावे.

यानंतर अर्ज भरायचा असतो, आणि खरी स्पर्धा येथेच सुरू होते. मुलीचे नाव ठेवताना आपण दूरदृष्टी दाखवली असती आणि त्यात ‘ज्ञ’ येऊ दिला नसता, तर हा परिच्छेद पुढे वाचण्याची गरज पडली नसती. प्रज्ञा हे नाव उदाहरणादाखल घ्या. मराठी माणूस ते इंग्रजीत पी-आर-ए-डी-एन-वाय-ए असे लिहितो. कन्नड वळणाने तेच पी-आर-ए-जे-एन-ए असे होते, आणि हिंदी वळणाच्या हाताखाली सापडले तर पी-आर-ए-जी-वाय-ए. नावाचा अर्थ बुद्धी असा असल्यामुळे तिन्ही ठिकाणी ती वेगवेगळी चालली आहे, एवढेच म्हणता येईल. सीमाभागातील बहुतेक ज्ञ-धारक मुलींप्रमाणे आमच्या शेजारच्या मुलीचेही जन्माच्या दाखल्यावर एक, शाळेच्या हजेरीपटावर दुसरे आणि आधार कार्डावर तिसरे स्पेलिंग आहे. अर्ज भरायच्या दिवशी तिच्या वडिलांनी संगणकावरच्या मुलाला नम्रपणे सांगितले, “कार्डातलं चुकीचं आहे की ओ.” त्या मुलाने पडद्यावरून नजर न काढता उत्तर दिले, “काका, कार्डात जे असतंय तेच बरोबर.” जे शास्त्र शिकवायला क्लासवाले वर्षाची फी घेतात, ते त्याने वीस रुपयांच्या प्रिंटआउटबरोबर फुकट दिले.

पुढचा रकाना गावाचा. येथे पालकांनी कन्येला बाहेर बसवावे, कारण स्पर्धेच्या तोंडावर मुलांचा स्पेलिंगवरील विश्वास उडणे बरे नाही. आपल्या गावाचे स्पेलिंग पुष्कळ वर्षे बी-ई-एल-जी-ए-यू-एम असे होते. शेवटच्या त्या एमचे काय काम, असा प्रश्न लहानपणी आपल्यालाही पडला असेल. पूर्वी आपण ‘बेळगांव’ असे डोक्यावर टिंब देऊन लिहीत होतो, आणि जुन्या दुकानांच्या पाट्यांवर ते टिंब अजूनही दिसते. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे न उच्चारले जाणारे अनुस्वार मराठीतून काढून टाकले. आपण सोडून दिलेले ते टिंब इंग्रजीने मात्र एमच्या रूपाने आणखी पन्नास वर्षे निष्ठेने सांभाळले. पुढे १ नोव्हेंबर २०१४ रोजी राज्य सरकारने बारा शहरांची इंग्रजी नावे बदलली, त्यात तो एम गेला आणि बी-ई-एल-ए-जी-ए-व्ही-आय असे आठ अक्षरी गाव आपल्या वाट्याला आले. तारीख वेगळी पाठ करावी लागत नाही, एवढी सोय झाली. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तीही १ नोव्हेंबरलाच, आणि त्या दिवशी गावात एकीकडे राज्योत्सवाची मिरवणूक व दुसरीकडे काळा दिन असल्यामुळे तो विसरण्याची सवलत कोणालाच मिळत नाही. या सगळ्यात एक गंमत आहे. मराठी असो वा कन्नड, गावाच्या नावात ‘ळ’ आहे आणि दोघांनाही तो स्पष्ट म्हणता येतो. इंग्रजीला तेवढे अक्षर येत नाही. त्यामुळे ज्या एका अक्षराबद्दल दोन्ही बाजूंचे एकमत आहे, नेमके तेच जुन्या व नव्या दोन्ही स्पेलिंगांतून गळाले आहे. गाव कोणत्या राज्याचे, हा प्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. कन्येला मात्र प्रत्येक उत्तरासाठी मिनिट-दीड मिनिट मिळेल, आणि तिला निकाल राखून ठेवता येणार नाही.

आता प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू. जाणकार सांगतात की मुलांना शांत खोली द्यावी. हे जाणकार वडगावात राहत नाहीत. आपल्याकडे माग बंद असणे म्हणजे एक तर वीज गेलेली असणे किंवा मजुरी बुडालेली असणे, आणि दोन्ही प्रसंगी घरात शांतता नसते. म्हणून मागालाच शिकवणीला लावावे. धोटा इकडून तिकडे गेला की एक अक्षर, परत आला की दुसरे, अशा ठेक्यावर शेजारची ती मुलगी आईला धोट्यातल्या सुताच्या कांड्या भरू लागताना शब्द म्हणते, आणि कांडी संपण्याच्या आत ‘कॉन्स्टिट्यूशन’ संपवते. ओठांची हालचाल पाहून आई मान डोलावते. आईला इंग्रजी येत नाही, परंतु ठेका चुकला की मुलगी चुकली हे तिला तत्काळ कळते, आणि आतापर्यंत तिचा निर्णय एकदाही फिरवावा लागलेला नाही.

शब्द पाठ करण्याची पद्धत आपल्या पूर्वजांनीच घालून दिली आहे. बुधवारला तोंडाने ‘वेन्सडे’ म्हणावे आणि मनात ‘वेडनेसडे’, ज्ञानाला तोंडाने ‘नॉलेज’ म्हणावे आणि मनात ‘क्नोवलेडगे’. ‘लेफ्टनंट’ हा शब्द मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रामुळे बेळगावातील मुलांच्या कानावरचा असतो, पण त्याच्या स्पेलिंगमध्ये ‘लेफ्ट’ कोठेच नाही. तेथे लाय, यू, टेन, अँट असे चार तुकडे करावे आणि ‘खोटे, तू, दहा, मुंगी’ असा मंत्र म्हणावा. कोणी कोणाशी खोटे बोलले आणि त्यात मुंगीचा संबंध काय, असे कन्येने विचारल्यास तिला अभ्यासातून लक्ष उडाल्याबद्दल रागवावे. अर्थ विचारण्याची खोड वेळीच मोडली नाही तर मूल भलतीकडे, म्हणजे कदाचित वाचनाकडे वळते.

अक्षरांच्या उच्चारांचेही पथ्य आहे. घरी आपण एच म्हणतो. शाळेतील कन्नडभाषक बाई ‘हेच’ म्हणतात, शिवाय एल, एम, एन यांना यल, यम, यन अशी सायीसारखी सुरुवात लावतात. मोबाइलवरची शिकवणी शेवटच्या अक्षराला ‘झी’ म्हणते आणि ‘कलर’मधला यू काढून टाकते, जो शाळेच्या पुस्तकात असतो आणि नसल्यास गुण जातात. कन्येने कोणासमोर कोणते अक्षर कसे म्हणायचे हे ध्यानात ठेवावे. रेशनच्या दुकानात कन्नड, घरात मराठी आणि बक्षीस समारंभात इंग्रजी हे तिला चालता-बोलता जमते, तर एवढे न जमायला काय झाले?

फीबद्दल फार लिहीत नाही. शाळेची फेरी, शहराची फेरी, राज्याची फेरी अशा पायऱ्या असतात, प्रत्येक पायरीवर नवा अर्ज आणि नवी फी असते, आणि फी भरणारे मूल वरच्या पायरीवर जाण्यापासून वंचित राहिले आहे असे सहसा घडत नाही. मालकाकडून उचल घ्यावी, भिशी लवकर उचलावी, आणि कन्येला त्याबद्दल एकदाच, पण तिला झोप येऊ नये अशा बेताने सांगावे.

राज्याची फेरी बेंगळुरूला होती. शेजारची मुलगी रात्रीच्या रेल्वेने वडिलांबरोबर गेली. हॉटेलचे सभागृह थंडगार होते आणि तेथे इतकी शांतता होती की तिने आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा श्वास ऐकला. ठेका धरायला काही नव्हते, म्हणून ती मांडीवर दोन बोटे वाजवत राहिली. पहिले तीन शब्द निभावले. चौथा आला ‘माँगूस’. नियमाप्रमाणे तिने विचारले, शब्दाची मूळ भाषा कोणती? परीक्षकांनी कागद पाहून सांगितले की पोर्तुगीजांमार्फत इंग्रजीत आला, मूळ मराठी.

वर्षभरात लॅटिन, ग्रीक आणि फ्रेंच असे घराणे सांगणारे शेकडो शब्द तिने कांड्यांबरोबर गुंडाळले होते. आपल्या घरचा पहिलाच भेटत होता. आजी परसात ज्याला हाक मारून ‘तोंड दाखव की रे’ म्हणते, तो हा. वडिलांनी नंतर आम्हांला सांगितले की तिचा चेहरा एकदम उजळला, बोटे थांबली, आणि तिने कोणतीही युक्ती न वापरता, जसे घरी म्हणतात तसे, अगदी स्वच्छ सांगितले: एम-यू-एन-जी-यू-एस. घंटा वाजली. बरोबर उत्तर एम-ओ-एन-जी-ओ-ओ-एस-ई असे होते. म्हणून पालकांना विनंती आहे की घरात बोलले जाणारे शब्द मुलांच्या अभ्यासातून आधीच वगळावेत, कारण मुले त्यांवर विश्वास ठेवतात.

परत आल्यावर काय करावे, याची चिंता नको. गल्लीच्या तोंडाशी आपोआप फ्लेक्स लागतो. २०२४ च्या कायद्याप्रमाणे पाट्यांवर साठ टक्के जागा कन्नडला द्यायची असते, त्यामुळे उरलेल्या चाळीस टक्क्यांत मराठी, इंग्रजी, तीन नेते, त्यांचे दोन चिरंजीव आणि उजव्या कोपऱ्यात पासपोर्ट आकाराची आपली कन्या अशी व्यवस्था करावी लागते. नेत्यांचे चेहरे कोणत्या भाषेत मोजायचे, यावर गल्लीत अजून चर्चा चालू आहे. फ्लेक्सवर ‘काँग्रॅच्युलेशन्स’ या शब्दातील एक टी आणि शेवटचा एस नव्हता. मुलीने तो शब्द उभ्याने पूर्ण वाचला, मागाकडे गेली आणि कांडी बदलली.

महिन्याभराने टपालाने सहभागाचे प्रमाणपत्र येते. जाड कागद, सोनेरी कडा, खाली दोन सह्या. ते आले की वाचत बसू नये. तसेच दुकानात न्यावे आणि आधी लॅमिनेशन करून घ्यावे, कारण शेजाऱ्यांनी ते आधी वाचले, आणि पी-आर-ए-डी-जे-एन-वाय-ए हे मुलीच्या नावाचे चौथे स्पेलिंग आता त्यांच्या घरी कागदोपत्री उपलब्ध आहे.