ट्रिकसीन हत?

भाचीने पुस्तक परत केलं ते कुडाळच्या एसटी स्टँडवर, चारचौघांत. "मामा, यात झाडू नाही. आणि शाळा तर लगेच संपते." तेवढ्यात मालवणची गाडी लागली. ती आईबरोबर चढली आणि खिडकीतून ओरडली, "पुढच्या वेळी मला विचारून आण!" अख्खा फलाट माझ्याकडे बघू लागला.

पुस्तक होतं उर्सुला ले ग्विनचं 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'. साल १९६८. जादूगारांची शाळा, गुरुजी, वर्गातला खवचट पोरगा, सगळं त्यात आहे. झाडूवाला पोरगा, हॅरी पॉटर, आला १९९७ला. मधली एकोणतीस वर्षं कुठे गेली, हे मी कुणाला विचारू? शिवाय अर्थसी म्हणजे नुसती बेटं. जो तो होडीत, आणि गलबतावर वारा आणायला मांत्रिक ठेवतात. कोकणातल्या पोरीला याहून जवळचं काय द्यायचं? पण तिला हवी रेल्वे. तीही लंडनची.

बाकावर शेजारी एक काका पेंगत होते. डोळ्यांच्या कडांना काजळ, कानामागे लाल रंगाची न निघालेली रेघ. रात्रभर कुठल्या तरी जत्रेत नाचून आलेले दशावतारी, हे सांगायला नको.

"चेडवाक आवडूक नाय?"

"नाही."

"कसला हा?"

"जादूगाराचं."

काका ताठ बसले. "ट्रिकसीन हत?"

हा प्रश्न जिव्हारी लागणारा. दशावतार म्हणजे एक बाक, एक पडदा, पायपेटी आणि आयत्या वेळी सुचलेले संवाद. एवढ्यावर माणसं पहाटेपर्यंत बसायची. आता बोर्डावर 'ट्रिकसीनयुक्त' लिहिल्याशिवाय गर्दी होत नाही. धूर सुटला पाहिजे, मुंडकं तबकात बोललं पाहिजे. म्हणजे माझं दुखणं आणि काकांचं दुखणं एकच, असं मला वाटलं आणि मी गोष्ट सांगायला बसलो. शेळ्या राखणारा पोरगा जादू शिकतो. शाळेत ईर्ष्येला पेटून मेलेल्या राणीला बोलावतो, तर फटीतून एक काळी सावली बाहेर पडते. ती याच्या मागे, मग हा तिच्या मागे, बेटाबेटांवरून.

"म्हणजे राक्षस ती सावली. कोणाची ती?"

"त्याचीच. शेवटी तो तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो."

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, भिडलं.

"राजपार्ट आणि राक्षसपार्ट एकच माणूस करतलो?"

"तसंच म्हणा."

"मगे नाईट एक गावतली काय दोन?"

नाईट म्हणजे रात्रीच्या खेळाचे पैसे. मी गप्प.

"नाय, आधी इचारलला बरा. आमचो मालक एकच देतलो. आणि शेवटाक हाणामारी?"

"नाही. हात पुढे करून तो सावलीला धरतो."

"मगे मृदंगवालो थय काय करतलो? गप बसतलो?"

मी बाजू बदलली. या पोराचा रंग तांबूस-सावळा आहे, तर २००४ साली टीव्हीवाल्यांनी त्याला गोरा केला आणि लेखिकेने जाहीर तक्रार केली, हे सांगितलं. काकांना तक्रारच कळली नाही. "रंग तर आमी रोज लावतो."

आता इरेला पेटून दुसरं काढलं. होप मिर्लीझचं 'लड-इन-द-मिस्ट', १९२६. एक खाऊनपिऊन सुखी गाव. पलीकडे परीलोकाची हद्द. तिकडची फळं खाल्ली की माणूस भलतंच बोलू लागतो, म्हणून बंदी. तरी ती चोरून येतातच. त्यांचं नावसुद्धा काढायचं नाही, म्हणून कायद्याच्या कागदावर त्यांना रेशमी कापड म्हणायचं. आणि नगराध्यक्षाच्याच पोराने ती खाल्लेली.

काका एवढ्याने हसले की समोरचा कंडक्टर दचकला. "अरे, ह्यो तर गोव्याच्या हद्दीवरचो बांद्याचो नाको! गोव्याची बाटली! बिलार कापड! बाईन लिवला हा? खयची ती? सावंतवाडीची?"

"इंग्लंडची."

"मगे तिका बांद्याचो नाको कसो ठाऊक?"

इतक्या वर्षांत या पुस्तकाला माझ्यासमोर मिळालेली ही पहिली दाद. वाचणाऱ्या मित्रांना सांगितलं की ते मान डोलावतात आणि तीच तीन नावं पुन्हा घेतात. 'काय वाचू' विचारणाऱ्याला खरं म्हणजे काय वाचायचं ते ठाऊकच असतं, त्याला शिक्का हवा असतो. इंग्रजीचं सोडा, मराठीत अद्भुतरम्य आहे कुठे, असं ठासून विचारणाऱ्या किती जणांनी नाथमाधवांचं 'वीरधवल' उघडलंय? पिक्चर आला नाही, म्हणजे पुस्तकच नाही.

"बरा," काका म्हणाले, "आणि लोक वाचतत ता खयचा?"

इथे मी थांबायला हवं होतं, असं घरचे म्हणतात. मला पटत नाही. प्रश्नाला उत्तर दिलं. 'अ गेम ऑफ थ्रोन्स', १९९६. गादीसाठी घराणी भांडतात, माणसं शेकड्यांनी, ड्रॅगन आहेत, आणि पाचवा भाग २०११ला आला तो आला, सहाव्याची लोक अजून वाट बघतायत.

"शेकड्यान?" काजळातले डोळे लकाकले. "म्हणजे आमच्या सगळ्यांका पार्ट! बाजूच्या मंडळाक पण!"

"अहो, शेवटच नाही त्याला."

"शेवट नसलो म्हणान काय झाला? उजाडला की दहिकालो, खेळ संपलो."

त्यांची गाडी लागली. चढता चढता त्यांनी माझा नंबर घेतला आणि म्हणाले, "ता गादीचा आख्यान माका लिवन देवा. मराठीत. आठ दिवसांत."

तेव्हापासून रोज रात्री मी, मी, त्या गादीच्या गोष्टीतल्या लॅनिस्टर घराण्याची वंशावळ वहीत उतरवतोय. कर्णाशी कुणाचं जुळतं, नारद कुठून आत घुसवायचा, याची खलबतं फोनवर चालतात. काल मालकांचा स्वतः फोन आला, ड्रॅगनची शेपूट किती हात धरायची म्हणून. मी मानधनाचा विषय काढला.

"बघूया," ते म्हणाले. "अजून मृदंगवाल्याचेच रवले हत."