चोरून आणलेलं रोप म्हणे जास्त जगतं!

मनी प्लांट चोरून आणला तरच घरात पैसा येतो, विकत आणला तर नाही, ही समजूत ज्याने कुणी पहिल्यांदा पसरवली त्याला दुसऱ्याच्या कुंपणातून हात घालायची सवय असणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा यावरून बरंच वाजलं. एकीने लिहिलं, "अहो, फांदीच तर नेली, झाड थोडंच नेलं!" त्यावर हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तिथे लिहून उपयोग नसतो, दोन वाक्यं झाली की पाण्याच्या टाकीचा विषय घुसतो. म्हणून इथे, जरा सविस्तर.

आधी त्या समजुतीचंच बघू. मनी प्लांटच्या पेरापेरावर मुळांचे कोंब आधीच आलेले असतात. तो चोरा, मागा, विकत घ्या, नाहीतर कचऱ्याच्या डब्यामागे फेका, ओल मिळाली की तो लागतो. जास्वंद, तगर, पानओवा, शेवगा यांचंही तेच. लोक चोरतात ती बहुतेक फांदीवर सहज लागणारीच झाडं असतात. चोरीला एवढा गुण असेल तर आंब्याची फांदी तोडून आणा आणि कुंडीत जगवून दाखवा. सोनचाफ्याची दाखवा. शिवाय चोरून आणलेलं जे मेलं त्याची गोष्ट आपल्या कानावर येतच नाही. सांगणार कुणाला? ज्याचं नेलं त्याला?

खरी अडचण मागण्याची आहे. मागितलं की दोन मिनिटं थांबावं लागतं, बोलावं लागतं, "कशी आहे तब्येत" विचारावं लागतं आणि उद्या त्यांनी आपल्याकडे काही मागितलं तर नाही म्हणता येत नाही. चोरीत ही भानगड नाही. पण आपल्याकडे झाडाचं मागणं कधीच कमीपणाचं नव्हतं. शेजारून वाटीभर विरजण आणावं तसं ते होतं. अळूचे कांदे, गवती चहाचं ठोंब, केळीचा मुनवा, हळदीचे गड्डे यांना पैसे मोजल्याचं माझ्या आईला आठवत नाही. ब्रह्मकमळ घ्या. आपण घरोघरी ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते मुळात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं निवडुंगाच्या कुळातलं झाड. हिमालयातलं ब्रह्मकमळ वेगळंच. तरी आज ते गल्लीगल्लीत आहे, कारण त्याचं एक पान मातीत खोचलं की लागतं आणि ज्याच्याकडे फुलतं तो रात्री अकराला शेजाऱ्यांना उठवून दाखवायला नेतो. निघताना पान हातात ठेवतो. असं असताना ते चोरायचं कशासाठी?

न विचारता नेणाऱ्याचं नुकसान कसं होतं, हे मी आमच्या दारात पाहिलंय. आमच्या कुंपणालगत एक कलमी गुलाब आहे, गर्द लाल. पावसाळ्यात त्याच्या बुडातून एक जोमदार, सरळसोट फुटवा आला. तो खुंटाचा होता, म्हणजे ज्या रानगुलाबावर डोळा भरलेला असतो त्याचा. मी तो काढणारच होते. एका सकाळी बघते तर कुणीतरी नेमका तोच पिरगाळून नेलेला. सगळ्यात जाड आणि लांब दिसला ना! नेणारा आता लाल गुलाबाची वाट बघत असेल. बघू दे. बेल वाजवली असती तर मी पलीकडच्या गावठी गुलाबाची पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी डोळ्याच्या खाली तिरकी कापून दिली असती आणि वरचं टोक कुठलं, खालचं कुठलं तेही सांगितलं असतं. उलटी खोचणारे लोक आहेत हो जगात.

आणि ते पिरगाळणं! फांदी हाताने ओढली की बुडाशी साल सोलून निघते, पावसात तिथे पाणी मुरतं आणि फांदी आतून सडत जाते. नेणाऱ्याने वीतभर नेलं, झाडाचं गेलं हातभर. कात्री मात्र कुणी आणत नाही, कारण कात्री घेऊन आलं की ती ठरवून केलेली चोरी दिसते. पहाटे आकडी आणि पिशवी घेऊन जास्वंदी झोडपणाऱ्या काकांबद्दल मी आज लिहिणार नाही. तो विषय मोठा आहे आणि माझं बीपी सध्या बरं नाही.

बियांच्या बाबतीत लोक आणखी सैल असतात. "वाळलेलंच तर होतं" हे वाक्य मी इतकं ऐकलंय! अहो, ते वाळवतच ठेवलं होतं. दोडक्याचं बी धरायचं तर चांगल्या बहरातला, सरळ, निरोगी दोडका हेरून त्याला चिंधी बांधायची. स्वयंपाकघरातून कितीही आग्रह झाला तरी तो तोडायचा नाही. तो वेलावरच पिकू द्यायचा, वाळू द्यायचा आणि हलवल्यावर आत बिया खुळखुळायला लागल्या की मगच काढायचा. यात आठवडेच्या आठवडे जातात. तोवर त्या वेलाचा बाकीचा जोर त्या एका फळात गेलेला असतो. भेंडी, वाल, गवार, काकडी, सगळ्यांचं थोडंफार असंच. आता चिंधी बांधलेला दोडका पाहून तरी माणसाने समजावं ना की हा कुणाच्या तरी डोळ्यात आहे? एका दोडक्यात मूठभर बिया निघतात, नेणाऱ्याला लागतात चार. पण जातो अख्खा दोडका.

उलट विचारलं की माहितीही मिळते. बाजारातल्या पाकिटातलं संकरित वाण असेल तर त्याचं बी धरून पुढच्या वर्षी तसंच फळ येत नाही, हे मी सांगू शकते. अबोलीची बोंडं वाळली की त्यांच्यावर पाणी पडताच ती तडकतात आणि बिया उडतात, म्हणून ती सकाळी कोरडी असतानाच काढून डबीत ठेवायची, हेही सांगू शकते. चोराला हे कोण सांगणार?

बी देण्याघेण्याची उत्तम रीत बघायची असेल तर अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावाकडे बघा. राहीबाई पोपेरे यांनी तिथे देशी वाणांची बियाणे बँक उभी केली, २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. नेलेलं बी पेरायचं आणि पीक आलं की घेतलं त्याच्या दुप्पट बी परत आणून द्यायचं, अशी तिथली पद्धत. फुकट आहे, पण मोकाट नाही. आपल्या देशाचा कायदाही बियाण्याच्या देवाणघेवाणीच्या बाजूने आहे. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याच्या कलम ३९ मध्ये शेतकऱ्याला आपल्या शेतातलं बी राखायचा, पेरायचा, दुसऱ्याला द्यायचा, अदलाबदल करायचा, अगदी विकायचाही हक्क दिलाय, संरक्षित वाणाचं असलं तरी. फक्त ते ब्रँड लावून विकता येत नाही. तेव्हा "आजकाल कुणी काही देत नाही" हे रडगाणं कायद्याच्या माथी मारू नका.

आता थोडं माहेराकडचं. निफाड तालुका, म्हणजे द्राक्षं. आमच्याकडे काडी ही चेष्टेची गोष्ट नाही. ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पाहुणे यायचे, चहा व्हायचा, बागेत चक्कर व्हायची आणि जाताना ओल्या गोणपाटात काड्यांची जुडी जायची. महाराष्ट्रातली कितीतरी वाणं शेतकऱ्यांनी अशीच डोळ्यांनी टिपलेली आहेत. तासगाव भागात थॉम्पसनच्या बागेत एका वेलाचे घड वेगळे दिसले, त्याच्या काड्या राखल्या, ती झाली तास-ए-गणेश. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस निवडली. एका वेलावरचा फरक ओळखायला वर्षानुवर्षं बागेत वाकावं लागतं. म्हणून बागायतदाराने हाताने काडी दिली तर तिला मान होता आणि रात्री बांधावरून कुणी नेली तर गावात त्याचं नाव निघायचं.

आता नवीन काही वाणं करार करून, रॉयल्टी भरून येतात. नोंदणी झालेल्या वाणाला वेली आणि झाडांच्या बाबतीत १८ वर्षं संरक्षण मिळतं. माझा एक भाऊ असा करार करून बसलाय. त्याच्याकडे पाहुणे येतात, चहा पितात, बाग बघतात आणि काडी मागतात. तो नाही म्हणतो. मग "बाग वाढली तसा माज वाढला." मला वाटतं, ज्याचे हात बांधलेले आहेत त्याला दुसऱ्यांदा विचारू नये. या करारांनी शेतकऱ्याचं भलं किती आणि बियाणं विकणाऱ्यांचं किती, यावर मी भांडायला तयार आहे, पण ते भांडण त्याच्या ओट्यावर बसून, त्याचाच चहा पिऊन करायचं नाही.

आणखी एक गोष्ट परदेशातल्या आपल्या मंडळींसाठी. माझी चुलत बहीण कॅलिफोर्नियात असते. तिथे मराठी घरांत कढीपत्त्याचं रोप म्हणजे सोनं. भारतातून ताजा कढीपत्ता सामानात नेला तर विमानतळावर काढून घेतात आणि आपण "एवढ्याशा पानांसाठी!" म्हणून चिडतो. पण कढीपत्ता लिंबाच्याच कुळातला. त्याच्यावर सिट्रस सायला नावाची कीड पोसते आणि ती संत्रा-लिंबाच्या झाडांना लागणारा ग्रीनिंग रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. ग्रीनिंग काय करतो ते आपल्या विदर्भातल्या संत्रा बागायतदारांना विचारा. कॅलिफोर्नियात हा रोग २०१२ साली पहिल्यांदा सापडला तो लॉस एंजेलिसजवळच्या हॅसिएंडा हाइट्समध्ये, एका घराच्या परसात, अनेक कलमं बांधलेल्या झाडावर. मोठ्या बागेत सापडला नव्हता, बरं का. म्हणून तिथे "ही घे गं एक फांदी" म्हणताना आपल्या भागात काय नियम आहे ते आधी बघावं. आपल्याकडेही जास्वंदीची फांदी देताना पानं उलटून बघत जा. पिठ्या ढेकूण असेल तर फांदीबरोबर तोही शेजारी राहायला जातो आणि मग प्रेम आटतं.

देणाऱ्यालाही काही नियम हवेत. "नाही" म्हणायचं असेल तर सरळ म्हणावं, मेलेली काडी देऊन वाटेला लावू नये. हे करणारे आहेत, नावं घेत नाही. कारण सांगायचीही गरज नाही. झाड अशक्त आहे, कळ्या धरल्यात, किंवा नुसतं मन होत नाही, एवढं पुरे. आणि घेणाऱ्याने "एवढं वाढलंय, काय फरक पडतो" हे वाक्य गिळावं. किती वाढलंय हे रोज पाणी घालणाऱ्याला माहीत असतं.

सार्वजनिक बाग, डोंगर, पठार इथे तर हा प्रश्नच येऊ नये. कासला एवढुसा कंद उकरून रुमालात बांधणारी माणसं मी पाहिली आहेत. तो कंद त्या कातळावरच्या बोटभर मातीत, त्या पावसात जगतो, तुमच्या कोथरूडच्या बाल्कनीत जगत नाही. आणि उलट दिशेनेही: घरच्या कॉसमॉसच्या बिया टेकडीवर उधळू नका. सुंदर दिसतं, पण पुण्याच्या टेकड्यांवर तो पिवळा गालिचा स्थानिक गवताच्या जागेवर पसरतोय. घाणेरीही अशीच कुणीतरी शोभेसाठी आणली होती.

संध्याकाळी झाडाला हात लावू नये, झाड झोपलेलं असतं, असं आजी सांगायची. मंगळागौरीच्या पत्रीला पाठवतानाही बजावायची की एका झाडाची दोन पानं, सगळं एकाच झाडावरून ओरबाडायचं नाही आणि आधी घरात आवाज द्यायचा. आमच्या गल्लीतल्या मुली अजून गणपतीच्या आधी "काकू, पत्री घेऊ का?" विचारतात. त्यांच्यासाठी शमी आणि मरवा मी मुद्दाम राखते. त्यांच्या आयांनी मुलींकडून शिकावं अशी माझी विनंती आहे.

तर सध्या माझ्याकडे देण्यासारखं: पानओवा, गवती चहा, पांढऱ्या आणि निळ्या गोकर्णीच्या बिया, गावठी गुलाबाच्या काड्या (पाऊस सुरू झाल्यावर), ब्रह्मकमळाची हवी तितकी पानं. अनंत मागू नका, तो नुकता सावरतोय. चिंधी बांधलेल्या दोडक्याकडे बघूही नका. सकाळी दहानंतर यायचं, दुपारी मी झोपते. पिशवी आपापली आणायची.