पायवाट कोणाच्या बापाची?

सकाळपासून डोकं तापलंय. आमच्या गोव्यातल्या, पेडण्यातल्या वाड्यावरून शेतात उतरणाऱ्या पायवाटेवर लोखंडी गेट बसलंय. दोन्ही बाजूंना निळे पत्रे, भलंमोठं कुलूप आणि वर इंग्रजी बोर्ड: खासगी जागा, आत शिराल तर कारवाई. गणपतीची चवथ तोंडावर आलीय. गणपतीच्या डोक्यावर बांधायच्या माटोळीसाठी कवंडाळ, कांगलां ही रानफळं आणायला आम्ही ह्याच वाटेने जातो. आज शेजारची काकी गेटपर्यंत जाऊन रिकामी पाटी घेऊन परत आली. "वाट बंद केल्या गो," एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसून राहिली. लग्न होऊन आल्यापासून ही बाई त्या मेरेवरून, शेताच्या बांधावरून, चालतेय. तरवा, म्हणजे लावणीची रोपं, तिथून वाहिला, भाताचे भारे तिथून आणले.

आणि नेमके आजच माझ्या भाचीने इंग्लंडमधल्या शेफिल्डहून फोटो पाठवले.

पोर तिथे मास्टर्स करते. व्हिसाच्या नियमाने आठवड्याला २० तासच काम करता येतं, ते एका कॅफेत करते, बाकी सगळा वेळ प्रबंधात. रविवारी मैत्रिणीला घेऊन सकाळच्या गाडीने ईडेलला गेली. शेफिल्डहून अर्ध्या-पाऊण तासावरचं छोटंसं गाव, पीक डिस्ट्रिक्ट ह्या डोंगराळ भागातलं. संध्याकाळी परत. फोटोंत डोंगरभर हेदरची जांभळी झुडपं फुललीत, दगड रचून घातलेले गडगे आहेत, आणि किती दिवसांनी पोरीचा चेहरा हसरा दिसतोय. तर आमच्या घरच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी लिहिलं, "शिकायला पाठवलीय की भटकायला?"

लिहिणाऱ्याला इथेच उत्तर देते. त्या एका दिवसात ती जे बघून आली, ते आपल्या अख्ख्या तालुक्याने शिकायला हवं.

तिथली वाट चक्क एका शेतकऱ्याच्या कुरणातून जाते. मेंढ्या चरत होत्या, गेट लावलेलं होतं. दोघी थबकल्या. "मावशी, मला वाटलं आता कोणीतरी ओरडणार," म्हणाली. तेवढ्यात शेतकरीच आला, चार चाकांच्या मोटारसायकलवरून, मागे कुत्रा. त्याने खांबावरचा पिवळा बाण दाखवला. वाट इथूनच आहे, जा खुशाल, फक्त गेट लावून घ्या, मेंढ्या बाहेर जातात. बस्स. नाव नाही, गाव नाही, तुम्ही कोण, कुठून आलात, काही नाही. गोव्याहून गेलेल्या दोन पोरी, आणि त्या माणसाने स्वतःच्या जमिनीतून त्यांना वाट दाखवली.

तो माणूस भला होता हे खरंच. पण त्या भलेपणामागे कायदा उभा आहे, आणि तो कायदा कुणी ताटात वाढून दिलेला नाही. ईडेलच्या डोक्यावर जो किंडर स्काउट डोंगर आहे, तो जमीनदारांनी शिकारीसाठी बंद करून ठेवला होता. २४ एप्रिल १९३२ रोजी शेकडो तरुण, बरेचसे मँचेस्टरचे कामगार, रखवालदारांना न जुमानता त्यावर चढले. त्यांच्या पुढे बेनी रोथमन नावाचा २० वर्षांचा पोरगा. त्याला चार महिने तुरुंगात टाकलं. कागदावर आरोप दंगलीचा, मुळात चालल्याबद्दल! पण १९४९ साली कायदा झाला, सार्वजनिक पायवाटा नकाशावर नोंदवायचं काम तिथल्या कौन्सिलांवर आलं. १९५१ मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. आज इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा नोंदलेल्या वाटा सव्वादोन लाख किलोमीटरच्या आसपास आहेत. जमीन विका, मालक बदला, वाट तिथेच राहते. तो पिवळा बाण त्या नकाशाचा आहे.

हो, तिथेही जमीन मूठभर श्रीमंतांच्याच हातात आहे आणि तिथलं भांडण अजून संपलेलं नाही. मान्य. पण वाट तरी आहे!

आणि आपण? गावाची सामाईक जमीन सांभाळणारी आपली गावकरी, आपले बांध, पाणी अडवणाऱ्या दारांच्या आपल्या मानशी, भाषणात सगळं येतं. मोपाला विमानतळ झाला आणि आमच्या पेडण्यात शेतांच्या कडेने पत्रे उभे राहू लागले. जमिनीचा झोन बदलून देणारी नगरनियोजन कायद्यातली कलमं, १७(२), ३९अ, हे आकडे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहेत. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकता येणार नाही असा कायदा २०२३ साली आपल्याच विधानसभेने केला ना? मग हे गेट आलं कुठून? विचारायला गेलं तर म्हणतात मामलेदाराकडे जा. काकीने आता तारखा घेत बसायचं?

लोक शेतात येऊन बाटल्या फोडतात, ताटल्या टाकून जातात, म्हणून गेट लागतं, असंही कुणी म्हणेल. फोडतात, खरं आहे. त्यांना दंड करा. काकीने कधी बाटली फोडली?

ज्यांनी ती जागा विकली त्यांच्यावर माझा राग नाही. घरात आजारपण होतं, शेत कसायला कोणी उरलं नव्हतं, अडचण मी जवळून पाहिलीय. त्यांच्या म्हातारीने स्वतः त्या वाटेवर पावसाळ्यात दगड टाकले होते, काकीचा पाय घसरू नये म्हणून. जागा त्यांची होती, त्यांनी विकली. वाट त्यांनी विकलेली नाही, ती त्यांची नव्हतीच.

विकत घेणाऱ्यालाही माझं भांडायला बोलावणं नाही. तुमच्या घरात आम्हाला यायचं नाही हो. मेरेवरून जाऊ द्या. गेट हवं तर ठेवा, कुलूप काढा, आम्ही जाताना लावून घेऊ. ईडेलच्या त्या शेतकऱ्याने ह्याहून जास्त काही मागितलं नव्हतं.

येत्या रविवारी ग्रामसभा आहे. मी ठराव मांडणार आहे: गावातली प्रत्येक पायवाट, प्रत्येक साकव, तळीवर आणि देवळाकडे जाणारी प्रत्येक वाट पंचायतीने नकाशावर घ्यावी. काकी येणार आहे आणि बोलणार आहे. वाड्यावरच्या जाणत्या माणसांना गाडीने आणायची सोय करतेय. सर्व्हे प्लॅनवर ही वाट कुठे तुटक रेघेने दाखवलेली असेल, तर ती प्रत मला हवीय. जुनी प्रत कुणाच्या पेटीत पडली असेल तर आजच फोन करा, मी येऊन घेऊन जाते.