जीवाणूंचे एक पाकीट सगळ्या पिकांना चालत नाही

सोलापूर जिल्ह्यात रब्बीची पेरणी जवळ आली की शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा: हवेत 78 टक्के नत्र फुकट आहे; रायझोबियमचे (कडधान्यांच्या मुळांवर गाठी करून हवेतला नत्र, म्हणजे नायट्रोजन, बांधणाऱ्या जीवाणूंचे) एक पाकीट हरभरा, तूर, ज्वारी, ऊस, कोणत्याही बियाण्याला चोळा; मुळांवर गाठी आल्या की युरिया लागत नाही; ब्राझीलच्या एका शास्त्रज्ञ बाईंनी हे सिद्ध केले आहे; आणि हरभऱ्याच्या रानात पुढच्या ज्वारीला नत्र द्यावाच लागत नाही. हवेतल्या नत्राचा आकडा खरा आहे. बाकीची विधाने तपासायला हवीत, कारण यातली मूळ गोष्ट फार मोलाची आहे आणि चुकीच्या वापराने एकदा हात पोळलेला शेतकरी तिच्याकडे पुन्हा वळत नाही.

‘कोणत्याही बियाण्याला चोळा’ हे विधान सर्वांत नुकसानीचे आहे. कडधान्यांना हवेतला नत्र गाठींमुळे मिळतो, हे हेलरीगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी 1886 मध्ये दाखवले आणि 1888 मध्ये बायेरिंक यांनी गाठीतला जीवाणू वेगळा केला. हा जीवाणू दिसेल त्या मुळात शिरत नाही. मूळ मातीत फ्लॅव्होनॉइड गटातली द्रव्ये सोडते, ती ओळखणारा जीवाणू स्वतःचा रासायनिक संकेत परत पाठवतो, आणि तो संकेत मुळाला पटला तरच मूळकेस वळून जीवाणूला आत घेतो व गाठ धरू लागते. रायझोबियमच्या गटात हरभऱ्याचा जोडीदार मेसोरायझोबियम आहे, तर तूर, मूग आणि चवळी यांचे जमते ते मुख्यतः ब्रॅडीरायझोबियमशी. म्हणून हरभऱ्याचे पाकीट तुरीला चोळणे म्हणजे पैसे मातीत घालणे. ज्वारी आणि ऊस ही तर गवताच्या कुळातली पिके. त्यांच्या मुळांवर रायझोबियमच्या गाठी येतच नाहीत. त्यांच्यासाठी अ‍ॅझोटोबॅक्टर, अ‍ॅझोस्पिरिलम, अ‍ॅसिटोबॅक्टर अशी वेगळी जीवाणू खते मिळतात, पण त्यांचा हातभार नत्राच्या गरजेच्या एका भागापुरताच असतो.

ब्राझीलचा दाखला बहुधा योहाना डोबेराइनर यांचा असावा. 1924 मध्ये चेकोस्लोव्हाकियात जन्मलेल्या आणि 1950 मध्ये ब्राझीलला गेलेल्या या संशोधिकेचे काम खरोखर थोर आहे, पण त्यातून निघतो तो या संदेशाच्या उलट अर्थ. सोयाबीन मूळचे आशियातले असल्याने ब्राझीलच्या मातीत त्याचा जोडीदार जीवाणू नव्हता. तो मुद्दाम आणावा लागला आणि नत्र खताशिवाय त्याच्याबरोबर चांगले वाढणारे वाण निवडावे लागले. गवतांच्या व उसाच्या मुळांशी राहणाऱ्या जीवाणूंवरही त्यांनी आयुष्यभर काम केले, मात्र ते जीवाणू रायझोबियम नव्हेत.

पुढच्या ज्वारीला नत्र नको, या विधानाला साधा हिशेब पुरे आहे. हरभऱ्याच्या दाण्यात सुमारे 20 टक्के प्रथिने धरली आणि प्रथिनांत साधारण 16 टक्के नत्र असतो, तर दाण्यात नत्र 3.2 टक्के होतो. म्हणजे 10 क्विंटल हरभरा बाजारात गेला की 32 किलो नत्र रानाबाहेर गेला. भुसकट जनावरांना जाते ते वेगळेच. पिकाने उचललेला सगळा नत्र हवेतला नसतो, काही मातीतलाही असतो. तेव्हा मागे शिल्लक राहते, पण थोडी. तुरीचे बरे, तिचा पाला रानातच गळतो.

युरिया भरपूर टाकणेही चूकच, कारण मातीत नायट्रेट (मुळांना थेट घेता येणारा नत्र) मुबलक असले की रोप गाठी धरण्याचा खटाटोप करत नाही. पण गाठी कामाला लागेपर्यंतच्या पहिल्या काही आठवड्यांसाठी हरभऱ्याला पेरताना हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद (फॉस्फरस) देण्याची शिफारस आहे. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत स्फुरद अडकून बसतो आणि गाठींना तो लागतोच, म्हणून त्यात काटकसर नको. पाकीट मात्र पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेले घेऊ नये. सोलापूरच्या उन्हात त्यातले जीवाणू केव्हाच मेलेले असतात.

आणि ‘गाठी आल्या की झाले’ हेही खरे नाही. गेल्या डिसेंबरात मोहोळकडच्या आमच्या रानात हरभऱ्याची दोन रोपे खुरप्याने ढेकळासकट काढली आणि बादलीत भिजवून मुळे मोकळी केली. गाठी दोन्हींना होत्या. ओल टिकलेल्या सखल जागेतल्या रोपाची गाठ नखाने चिरली तर आत गुलाबी निघाली. भेगा पडलेल्या बांधालगतच्या रोपाच्या गाठी बारीक आणि आतून पांढऱ्या होत्या. तो गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. हे द्रव्य गाठीतला मोकळा ऑक्सिजन आटोक्यात ठेवते, म्हणून ऑक्सिजनने बिघडणारे, नत्र बांधणारे नायट्रोजिनेज विकर (एन्झाइम) काम करू शकते. पांढरी गाठ रोपाला नत्र देत नाही. फुलोऱ्याच्या सुमारास रानातल्या चार-पाच ठिकाणची रोपे न उपटता खणून काढावीत, कारण उपटताना गाठी मातीतच राहतात, आणि प्रत्येकाची एक तरी गाठ चिरून पाहावी.