सीटी स्कॅनमध्ये ‘नोड्यूल’ (छोटी गाठ) आला म्हणजे कॅन्सरच, हे खरं नाही

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर फिरतंय: फुप्फुसाच्या सीटीत ‘नोड्यूल’ म्हणजे कॅन्सर, लगेच बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणी) करा. हे चुकीचं आहे, आणि यामुळे माणसं हकनाक धास्तावतात. अशा बहुतेक छोट्या गाठी निरुपद्रवी निघतात. आपल्याकडे तर बऱ्या झालेल्या टीबीचा व्रणही तसाच दिसतो. २०१७ च्या फ्लाइश्नर सोसायटीच्या (छातीच्या स्कॅन-तज्ज्ञांची आंतरराष्ट्रीय संस्था) मार्गदर्शनानुसार कमी जोखमीच्या प्रौढात ६ मिमीपेक्षा लहान भरीव गाठीला सहसा पुन्हा सीटीही लागत नाही. ६ ते ८ मिमीची एकच गाठ असेल तर ६ ते १२ महिन्यांनी पुन्हा सीटी. बिडी-सिगारेट ओढणारे, आधी कॅन्सर झालेले, यांचा हिशोब मात्र वेगळा. त्यांनी चालढकल करू नये. इंदुरात रामबाग असो की राजवाडा, डॉक्टरांकडे जाताना जुनी सीटी फिल्म न्याच. भरीव गाठ दोन वर्षं तेवढीच असेल, तर ती बहुधा साधीच.