मोठ्यांच्या लसीचं काय?

लसीकरणावरच्या तुमच्या लेखात बाळाच्या डोसांचं वेळापत्रक नीट दिलंय, पण मोठ्यांच्या लसीकरणाला शेवटी दोनच ओळी. आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीचा घड कापताना विळा लागला की माणूस हळद दाबतो, चिंधी बांधतो अन् पुन्हा बागेत. फारच झालं तर 'टीटी', म्हणजे धनुर्वाताचं इंजेक्शन, मागतो. आता सरकारी दवाखान्यात त्याऐवजी टीडी देतात, ती धनुर्वातासोबत घटसर्पालाही चालते. दर 10 वर्षांनी बूस्टर घ्यावा, हे गावात कोणाच्या गावीही नसतं. 10 अन् 16 व्या वर्षी पोरांना टोचतात, बायांना गरोदरपणी. बाप्या माणसाला थेट जखम झाल्यावरच!

दुसरं, धडगाव-अक्कलकुव्याकडची कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जातात. बाळाचा 14 आठवड्यांचा पेंटा (धनुर्वातासह पाच रोगांवरची एकत्र लस) नेमका तिथंच हुकतो. परत आल्यावर सगळं पहिल्यापासून टोचतील या धास्तीनं आया केंद्राकडे फिरकत नाहीत. तसं काही नसतं हो, राहिलेल्या डोसपासून पुढं सुरू करतात. फक्त लसीकरणाचं कार्ड गाठोड्यात सोबत न्या, तिकडच्या सरकारी केंद्रातही या लसी फुकटच आहेत.