ट्रेलर शिकवणारं कॉलेज

जानेवारी 2024 उजाडला तो पेट्रोल पंपांपुढच्या रांगांनी. ट्रक-टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. निमित्त होतं भारतीय न्याय संहितेतल्या कलम 106(2) चं: बेदरकार गाडी चालवून कुणाचा जीव घेतला आणि पोलिसांना न कळवता पळ काढला, तर दहा वर्षांपर्यंत कैद. आंदोलन मिटलं, जुलैत संहिता लागू झाली ती हे कलम बाजूला ठेवून. वाद मात्र तसाच आहे. कुठे मोठा अपघात झाला की आमच्या कळंबोलीच्या नातेवाइकांच्या गटात पुन्हा जुंपते. एक म्हणतो, जन्मभर आत टाका. दुसरा म्हणतो, थांबला तर जमाव ठेचून मारेल, मग पळणार नाही तर काय करेल? दोघांचंही म्हणणं मला पटतं. पण चाळीस टनांचं ते धूड चालवायला हा माणूस शिकला कुठे आणि कुणाकडून, हे कुणीच विचारत नाही. 2022 या एका वर्षात देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. सुरुवात या प्रश्नापासूनच व्हायला हवी.

मी राहतो इलिनॉयमध्ये, शिकागोच्या नैऋत्येला, जोलिएटच्या परिसरात. आय-55 आणि आय-80 हे दोन महामार्ग इथे एकमेकांना छेदतात, दोन रेल्वे कंपन्यांची कंटेनर यार्डं शेजारी शेजारी आहेत, आणि जिथे मका डोलायचा तिथे आता मैलोनमैल गोदामं आहेत. याच गावात 1901 मध्ये देशातलं सर्वांत जुनं सरकारी ज्युनिअर कॉलेज (आपल्याकडचं अकरावी-बारावीचं नव्हे, शाळेनंतरचं दोन वर्षांचं) सुरू झालं. दिवसा मी एका गोदामात डिस्पॅच सांभाळतो आणि संध्याकाळी जवळच्या एका अशाच, म्हणजे कम्युनिटी कॉलेजात मालवाहतुकीचा अभ्यासक्रम करतो. आमच्या वर्गाच्या खिडकीतून ट्रेलरचं यार्ड दिसतं.

तिथला एक पाठ मी जवळ उभं राहून पाहिला. पन्नाशीचा एक गृहस्थ, पूर्वी हॉटेलात स्वयंपाकी होता. ट्रेलरभोवती चालत तो एकेका भागाला हात लावून मोठ्याने सांगत होता: हा ब्रेकचा स्लॅक ॲडजस्टर, तुटलेला नाही, वाकलेला नाही, हा ट्रेलर जोडणारा किंगपिन, त्याभोवती जबडा नीट बसलाय, पुढच्या टायरची खाच इंचाच्या 32 भागांपैकी किमान चार भाग. मग केबिनमध्ये चढून एअर ब्रेकची चाचणी. इंजिन बंद, ब्रेकवर पाय दाबून एक मिनिट नजर काट्यावर. चार पौंडांपेक्षा जास्त दाब उतरला तर गाडी हलवायची नाही. मग ब्रेक मारत मारत दाब उतरवायचा, इशाऱ्याचा बझर वेळेवर वाजतो का बघायचं. शिकवणाऱ्या बाईंनी त्याला मधेच थांबवलं. एक नळी त्याने नुसती पाहिली होती, हात लावला नव्हता. त्याला पुन्हा अगदी समोरच्या दिव्यापासून सुरुवात करावी लागली, आणि त्याने ती कुरकुर न करता केली.

फेब्रुवारी 2022 पासून इथे असं प्रशिक्षण कायद्याने बंधनकारक आहे. सरकारी नोंदवहीत असलेल्या संस्थेत शिकल्याशिवाय अवजड परवान्यासाठी गाडी चालवून दाखवण्याच्या परीक्षेला बसता येत नाही, आणि प्रशिक्षणाच्या लेखी भागात 80 टक्के गुण लागतात. शिवाय कॉलेज बऱ्याच अंशी परिसरातल्या मालमत्ता करावर चालतं, म्हणजे ट्रेलर शिकवणं हे गावाने आपलं काम मानलेलं आहे. मला याचं फार मोल वाटतं.

कळंबोलीत मी वाढलो, लोखंड बाजाराच्या शेजारी. तिथली शिकण्याची रीत अशी: क्लीनर म्हणून चढायचं, टायर ठोकून बघायचे, उस्तादाचा चहा आणायचा, आणि रात्री उस्तादाला झोप अनावर झाली की स्टिअरिंग हातात. यातून उत्तम चालक घडले आहेत, मी त्यांना ओळखतो. पण उस्तादाला जे ठाऊक नाही ते चेल्यालाही कधी कळत नाही. वाहतूक परवान्यासाठी आठवी पासची अट 2019 मध्ये काढली, ते योग्यच झालं. गरिबाची रोजीरोटी शाळेच्या दाखल्यावर अडू नये. मात्र दाखल्याच्या जागी भक्कम प्रशिक्षण यायला हवं होतं. देशात 22 लाख चालक कमी आहेत, असं नितीन गडकरी सांगतात. भोसरीला सीआयआरटी या केंद्रीय रस्ते परिवहन संस्थेसारखी संस्था आहे, पण अशा मोजक्या केंद्रांनी एवढी भूक कशी भागणार?

अमेरिकेत सगळं आलबेल आहे असं मात्र कुणी समजू नये. इथल्या कायद्यात किमान किती तास शिकवायचं हेच लिहिलेलं नाही, आणि संस्था स्वतःच स्वतःची हमी देऊन नोंदवहीत शिरतात. ऑगस्ट 2025 मध्ये फ्लोरिडात एका भारतीय वंशाच्या शीख चालकाने महामार्गावर ट्रेलर घेऊन यू-टर्न मारला आणि तिघांचा जीव गेला. त्यानंतर सगळा राग पगडीवाल्या चालकांवर निघाला, आणि तो सरसकट राग अन्यायाचाच होता. डिसेंबरात सरकारने जवळपास तीन हजार संस्थांना नोंदवहीतून काढण्याची नोटीस दिली, ते काम खरं तर आधी व्हायला हवं होतं.

आणि एका बाबतीत आपण यांच्या कितीतरी पुढे आहोत. माझ्या गोदामात फोर्कलिफ्ट चालवणारी, खोकी उतरवणारी बरीच माणसं एजन्सीची. सोमवारी आहेत, गुरुवारी नाहीत. त्यांच्या पाठीशी कुठलंही मंडळ नाही. महाराष्ट्रात अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून 1969 मध्ये माथाडी कायदा आला. मालक मजुरीवर लेव्ही भरतो, ती मंडळाकडे जमा होते, आणि मालक बदलला तरी हमालाचा भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी शाबूत राहते. इथल्या सहकाऱ्यांना हे सांगितलं की त्यांचा विश्वास बसत नाही. या कायद्याला कात्री लावायची भाषा महाराष्ट्रात अधूनमधून ऐकू येते तेव्हा जीव तुटतो. खंडणीखोरांना जरूर धरा, पण मंडळं मोडू नका.

म्हणूनच मला वाटतं, पैसा कुठून आणायचा हे आपल्याला बाहेरून शिकायची गरज नाही. न्हावा-शेवा बंदरातून सुटणाऱ्या प्रत्येक कंटेनरमागे मालवाल्याकडून थोडी लेव्ही घ्यावी, तिचा हिशेब माथाडी मंडळासारख्या त्रिपक्षीय मंडळाकडे ठेवावा, आणि त्यातून उरण-पनवेलच्या आयटीआयला जोडून ट्रेलरचं यार्ड उभं करावं. कमीत कमी तास कायद्यात लिहावेत, म्हणजे अमेरिकेसारखी पळवाट राहणार नाही. परीक्षा घेणारा आणि शिकवणारा वेगळे असावेत. आणि शिकण्याच्या काळात पोराला रोजची मजुरी मिळाली पाहिजे, कारण घरी पैसे पाठवणारा क्लीनर बिनपगारी चार आठवडे वर्गात बसूच शकत नाही.